एमिल फॉन बेरिंग : उसन्या प्रतिकारशक्तीचा जनक

घटसर्प हा शब्द आज शहरांतील बहुतेक आईवडिलांना बाळाच्या लसीकरणाच्या तक्त्यावरच भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील घराघरांत मात्र या रोगाची दहशत होती. मुलाचा घसा दुखू लागे, ताप येई आणि एकदोन दिवसांत घशात राखाडी रंगाचा चिवट पडदा धरू लागे. हा पडदा पसरला की श्वास कोंडे. श्वास सुरळीत राहिलाच, तर रोगजंतूंचे विष हृदयावर घाला घाली. श्वासनलिकेला छेद देऊन हवेला वाट करून देणे यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. जर्मनीत दरवर्षी हजारो मुले या रोगाने दगावत. ही परिस्थिती पालटविण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते, ते एमिल बेरिंग हे प्रशियाच्या लष्करातील एक डॉक्टर होते.

एका शरीराने रोगाशी झुंजून मिळविलेले संरक्षण दुसऱ्या शरीराला उसने देता येते, हे बेरिंग यांनी सिद्ध केले. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये त्यांना मिळाले ते याच कार्यासाठी. इबोलासारख्या, प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या प्राणघातक विषाणूंवर एकविसाव्या शतकात मानवी प्रतिपिंडांची मिश्रणे औषध म्हणून वापरली जाऊ लागली. त्यांची वंशावळ मागे शोधत गेल्यास ती बेरिंग यांच्या प्रयोगशाळेतील सशांपर्यंत आणि उंदरांपर्यंत जाऊन पोहोचते.

बेरिंग यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी पश्चिम प्रशियातील हान्सडॉर्फ या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शाळामास्तर होते आणि दोन विवाहांतून झालेल्या १३ मुलांचा संसार त्यांच्या तुटपुंज्या पगारावर चालत होता. हुशार मुलाला विद्यापीठात पाठविण्याइतका पैसा घरात नव्हता. त्यामुळे १८७४ मध्ये एमिल यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरली. तेथे शिक्षण फुकट होते. मात्र त्याची परतफेड म्हणून पदवीनंतर अनेक वर्षे लष्करी चाकरी करणे बंधनकारक असे. १८७८ मध्ये त्यांनी पदवी मिळविली, १८८० मध्ये राज्य परीक्षा उत्तीर्ण केली आणि पोलिश भाषिक मुलखातील छावण्यांत त्यांची डॉक्टरकी सुरू झाली.

लष्करी डॉक्टरपुढे रोजचा प्रश्न होता चिघळणाऱ्या जखमांचा. त्या काळी जखमांवर आयोडोफॉर्मची पूड टाकण्याची पद्धत होती. बेरिंग यांनी या औषधाचा बारकाईने अभ्यास केला. आयोडोफॉर्म जंतूंना फारसे मारत नाही, मात्र जंतूंनी निर्माण केलेले विष ते निष्प्रभ करत असावे, असे त्यांच्या ध्यानात आले. हा निष्कर्ष वरकरणी लहान होता. पण शत्रू केवळ जंतू नव्हे तर त्याचे विष हा शत्रू आहे, ही दृष्टी त्यांना येथे लाभली आणि ती पुढे आयुष्यभर त्यांच्या कामी आली. बॉन येथील औषधशास्त्र संस्थेत काही काळ काम केल्यानंतर १८८९ मध्ये ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

क्षयाचा जंतू शोधून काढणारे कॉख तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते आणि जगभरातील तरुण संशोधक त्यांच्याकडे येत. त्यांतच जपानहून आलेले शिबासाबुरो किटासाटो होते. धनुर्वाताच्या जंतूची शुद्ध वाढ करून दाखविण्याचे अवघड काम त्यांनी १८८९ मध्ये केले होते. दरम्यान पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सां यांनी घटसर्पाचे जंतू विष सोडतात हे सिद्ध केले होते. सारी सामग्री जणू एका टेबलावर येऊन पडली होती. ती जुळवायची बाकी होती.

बेरिंग यांनी सुरुवातीला सरळ मार्ग पत्करला. रोग जडलेल्या गिनीपिगांना जंतुनाशक रसायने टोचून पाहिली. बहुतेक प्राणी मेले. काही रोगाने, तर काही औषधाने. पण जे थोडे वाचले त्यांना पुन्हा रोगाचे विष टोचले असता काहीही झाले नाही. या वाचलेल्या प्राण्यांच्या रक्तात असे काय होते? तिकडे किटासाटो धनुर्वातावर हाच प्रश्न घेऊन काम करत होते. धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशाच्या रक्तातील रस, म्हणजे सीरम, उंदरांना टोचला असता धनुर्वाताचे विष त्यांना मारू शकले नाही. साध्या सशाच्या सीरमने हे घडत नव्हते. ४ डिसेंबर १८९० रोजी दोघांचा निबंध एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. आठवडाभराने घटसर्पावरील दुसरा निबंध बेरिंग यांनी एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला. सीरममधील या गुणाला प्रतिविष हे नाव मिळाले. त्यामागे असलेल्या प्रथिनांना आज आपण प्रतिपिंड किंवा ॲन्टिबॉडी म्हणतो.

प्रयोगशाळेतील उंदीर वाचणे आणि रुग्णालयातील मूल वाचणे यांत मोठे अंतर होते. मेंढ्यांपासून मिळविलेले सुरुवातीचे सीरम कधी गुणकारी ठरे, तर कधी पाण्यासारखे निरुपयोगी. या कामात बेरिंग यांना त्यांचे लष्करातील मित्र एरिख व्हेर्निके यांची साथ होती. पण खरी अडचण होती मोजमापाची. एका बाटलीत नेमके किती बळ आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ही अडचण पॉल एर्लिख यांनी सोडविली. प्राण्याला विषाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन तीव्र सीरम कसे मिळवावे आणि त्याची शक्ती ठराविक एककात कशी मोजावी, याची पद्धत त्यांनी घालून दिली. हेक्स्ट या रसायन कंपनीने उत्पादनाची जबाबदारी उचलली आणि १८९४ मध्ये घटसर्पाचे सीरम जर्मनीच्या बाजारात आले. त्याच वर्षी रू यांनी पॅरिसमधील अनुभव जगापुढे मांडला. मेंढीऐवजी घोडा वापरून त्यांनी सीरमचे उत्पादन कैक पटींनी वाढविले होते. त्यांच्या रुग्णालयात घटसर्पाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते, ते सुमारे एक चतुर्थांशावर आले. जर्मनीत बेरिंग यांना मुलांचा तारणहार म्हटले जाऊ लागले.

सीरमचा एक नियम मात्र या यशातच दडलेला होता. पहिल्या एकदोन दिवसांत ते टोचले, तर बहुतेक मुले वाचत. उशीर झाला की विष पेशींत शिरलेले असे आणि मग कितीही सीरम दिले तरी उपयोग होत नसे. शिवाय उसने संरक्षण थोड्या आठवड्यांत ओसरून जाई. घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीराला परकी असल्याने काहींना पुरळ, ताप, सांधेदुखी असा त्रास होई. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन करून त्याला सीरमचा आजार असेच नाव दिले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे तर १९०१ मध्ये धनुर्वात झालेल्या घोड्याचे सीरम चुकून वापरले गेले आणि १३ मुले मृत्युमुखी पडली. जैविक औषधांवर सरकारी नियंत्रण आणणारा अमेरिकेतील कायदा त्यानंतर १९०२ मध्ये झाला.

कीर्तीबरोबर बेरिंग यांच्याकडे पैसाही आला. १८९५ मध्ये ते मारबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथील अध्यापकांचा त्यांना विरोध होता. पण प्रशियाच्या शिक्षण खात्यातील वजनदार अधिकारी फ्रीडरिख आल्टहॉफ यांनी ही नेमणूक घडवून आणली. पुढच्या वर्षी एल्झे श्पिनोला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ४२ वर्षांच्या प्राध्यापकांची ही वधू अवघी २० वर्षांची होती. या दाम्पत्याला सहा मुलगे झाले. १९०१ मध्ये नोबेल पारितोषिकाबरोबरच सरदारकीही मिळाली आणि शाळामास्तरांचा मुलगा एमिल फॉन बेरिंग झाला.

ज्यांच्या साथीने हे यश मिळाले ते सहकारी मात्र एव्हाना दुरावले होते. नोबेल पारितोषिकात किटासाटो यांचे नाव नव्हते. ते १८९२ मध्येच जपानला परतले होते आणि तेथे त्यांनी संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाचा पाया घातला. एर्लिख यांच्याशी झालेला दुरावा अधिक कटू होता. सीरमच्या नफ्यात आणि श्रेयात आपल्याला न्याय मिळाला नाही, अशी त्यांची भावना झाली. त्यांना स्वतंत्रपणे नोबेल मिळाले ते १९०८ मध्ये. ज्या कॉख यांच्या छायेत बेरिंग वाढले, त्यांच्याशीही क्षयरोगाच्या प्रश्नावरून त्यांचे बिनसले. स्वभावाने करारी असलेले बेरिंग मतभेदात माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते.

या शेवटच्या वादाचा विषय होता प्राण्यांकडून माणसाकडे येणारा रोग. गुरांचा क्षय माणसाला फारसा धोकादायक नाही, असे मत कॉख यांनी १९०१ मध्ये मांडले होते. क्षयी गाईच्या दुधातून तान्ह्या मुलांना हा रोग जडतो, असे बेरिंग ठामपणे सांगत राहिले. दूध हे क्षयाचे एकमेव किंवा मुख्य मूळ असल्याचा त्यांचा आग्रह अतिरेकी होता. पण गुरांचा क्षय माणसाला होतो, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरविले. गुरांसाठी त्यांनी तयार केलेली लस मात्र अपयशी ठरली. लसीतील जिवंत जंतू जनावरांच्या शरीरात टिकून राहत आणि दुधावाटे बाहेर पडण्याचा धोका असे. घटसर्पावर जे साधले ते क्षयावर साधेना. क्षयाचा जंतू घटसर्पासारखे विष सोडून मारत नाही, त्यामुळे प्रतिविषाची युक्ती तेथे लागूच पडत नव्हती. अपयश, अतिश्रम आणि नैराश्य यांनी खचलेल्या बेरिंग यांना १९०७ ते १९१० या काळात उपचारगृहात राहावे लागले.

त्या खिन्न काळातून ते सावरले आणि १९१३ मध्ये त्यांनी आपले शेवटचे मोठे काम जगापुढे ठेवले. घटसर्पाचे विष आणि त्याचे प्रतिविष अशा प्रमाणात एकत्र करायचे की विष घातक राहू नये, मात्र शरीराला त्याची ओळख पटावी. या मिश्रणामुळे मुलाचे शरीर स्वतःच प्रतिपिंड तयार करू लागे आणि हे संरक्षण दीर्घकाळ टिके. घटसर्पाच्या लसीकरणाची ही सुरुवात होती. लगेच महायुद्ध पेटले. खंदकांतील मातीने भरलेल्या जखमांतून धनुर्वात होऊन सैनिक मरू लागले, तेव्हा धनुर्वाताच्या सीरमने असंख्य प्राण वाचविले. मारबुर्ग येथे बेरिंग यांनी १९०४ मध्ये उभारलेला कारखाना त्यासाठी अहोरात्र राबत होता. युद्धाचा शेवट पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३१ मार्च १९१७ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मारबुर्गजवळच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे.

बेरिंग यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी नियतीने त्यांच्या गावाचे नाव एका वेगळ्याच कारणाने जगभर नेले. ऑगस्ट १९६७ मध्ये बेरिंग यांच्या नावाच्या त्याच कारखान्यातील कामगार तापाने फणफणले आणि काहींना रक्तस्राव होऊ लागला. पोलिओच्या लसीसाठी युगांडाहून आणलेल्या माकडांच्या अवयवांशी त्यांचा संपर्क आला होता. त्याच सुमारास फ्रँकफर्ट येथील संस्थेत आणि बेलग्रेडमध्येही असे रुग्ण आढळले. फ्रँकफर्टची ती संस्था पॉल एर्लिख यांच्या नावाची होती. आयुष्याच्या उत्तरार्धात दुरावलेल्या दोन शास्त्रज्ञांची नावे धारण करणाऱ्या दोन्ही वास्तूंत एकच अनोळखी विषाणू शिरला होता. एकूण ३१ जणांना लागण झाली आणि ७ जण दगावले. काही महिन्यांतच विषाणू ओळखला गेला आणि त्याला मारबुर्ग हेच नाव मिळाले. त्याचे खरे वसतिस्थान आफ्रिकेतील फळे खाणारी वटवाघळे आहेत, हे पुढे २००९ पर्यंत स्पष्ट झाले.

मारबुर्गचा भाऊबंद असलेला इबोला १९७६ मध्ये उघडकीस आला. १९९५ मध्ये काँगोतील किक्विट येथे त्याची साथ आली, तेव्हा तेथील डॉक्टर जाँ-जाक म्युयेम्बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचे रक्त आठ आजाऱ्यांना दिले. त्यांपैकी सात वाचले. कल्पना बेरिंग यांचीच होती, फक्त घोड्याची जागा माणसाने घेतली होती. एवढ्या थोड्या रुग्णांवरून निष्कर्ष काढणे योग्य नसल्याने शास्त्रज्ञ साशंक राहिले. पण त्याच साथीतून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तपेशींतून अनेक वर्षांनी एक प्रभावी प्रतिपिंड वेगळा काढण्यात आला.

हे शक्य झाले ते १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी शोधलेल्या तंत्रामुळे. एकाच पेशीच्या वंशातून एकसारखे प्रतिपिंड हवे तेवढे मिळविण्याची वाट त्यांनी खुली केली. अशा प्रतिपिंडांना मोनोक्लोनल म्हणतात. पुढे मानवी जनुके घातलेल्या उंदरांपासून किंवा बऱ्या झालेल्या माणसांच्या पेशींपासून संपूर्णपणे मानवी प्रतिपिंड तयार होऊ लागले आणि घोड्याच्या प्रथिनांमुळे होणारा त्रास टळला. मात्र या शुद्धतेची एक किंमत होती. बेरिंग यांच्या कच्च्या सीरममध्ये नाना तऱ्हेचे प्रतिपिंड एकत्र नांदत असत. एकच प्रतिपिंड विषाणूच्या एकाच जागी चिकटतो. विषाणूने नेमकी ती जागा बदलली, की औषध निकामी होते. म्हणून वेगवेगळ्या जागी चिकटणारे दोनतीन प्रतिपिंड एकत्र करण्याचा मार्ग पुढे आला. एक पहारेकरी चुकविणे विषाणूला जमते. एकाच वेळी तिघांना चुकविणे फार अवघड असते. शुद्धतेच्या मागे लागताना हातून निसटलेली विविधता मिश्रणाच्या रूपाने परत मिळविण्यात आली.

या कल्पनेची कसोटी काँगोमध्येच लागली. नोव्हेंबर २०१८ पासून साथ चालू असतानाच चार औषधांची तुलना करण्यात आली आणि ६८१ रुग्ण तीत सहभागी झाले. तीन मानवी प्रतिपिंडांचे मिश्रण मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर किक्विटच्या रुग्णापासून मिळालेल्या एकट्या प्रतिपिंडाच्या बाबतीत ३५ टक्के होते. झीमॅप हे आधीचे मिश्रण मिळालेल्यांत ते ५० टक्के होते. म्हणजे नुसते मिश्रण पुरेसे नव्हते. त्यातील प्रतिपिंडही समर्थ असावे लागत होते. शरीरात विषाणू कमी असतानाच ही दोन परिणामकारक औषधे मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के रुग्ण वाचले. वेळीच दिलेले उसने संरक्षण वाचवते आणि उशिरा दिलेले बहुधा वाचवत नाही, हा घटसर्पाच्या सीरमचा धडा येथेही कायम राहिला. अमेरिकेने ही दोन्ही औषधे २०२० मध्ये मान्य केली.

महाराष्ट्रालाही बेरिंग यांचा वारसा अपरिचित नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तरसापासून सर्पदंशावरील औषध अनेक दशके तयार केले. अश्वपैदाशीच्या व्यवसायातील पूनावाला कुटुंबाने पुण्यात १९६६ मध्ये स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातच हा इतिहास दडलेला आहे. कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजवर या संस्थेने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेला मानवी प्रतिपिंड २०१७ मध्ये भारतात उपलब्ध झाला. दोन प्रतिपिंड एकत्र केलेले औषधही त्यानंतर देशात तयार झाले. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ॲन्टिबॉडी कॉकटेल हा शब्द घरोघरी पोहोचला, तो सुमारे ६० हजार रुपयांच्या एका मात्रेसह. विषाणूचे ओमायक्रॉन हे रूप आल्यावर त्या मिश्रणातील दोन्ही प्रतिपिंड कुचकामी ठरले. मिश्रण म्हणजे अमोघ अस्त्र नव्हे, याची ती जाणीव होती.

बेरिंग यांच्या सीरमला वेळ, शुद्धता आणि पुरवठा या तीन मर्यादा होत्या. शुद्धतेचा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. वेळेवर निदान होणे आणि गरिबाला परवडेल अशा दरात औषध मिळणे, हे प्रश्न मात्र उरलेच आहेत. रुवांडात २०२४ मध्ये मारबुर्गची साथ आली तेव्हा ६६ जणांना लागण झाली आणि १५ जण दगावले. रुग्णांवर एका प्रायोगिक प्रतिपिंडाचाही वापर झाला, कारण या रोगावर मान्यताप्राप्त औषध तोवर नव्हते. उसन्या प्रतिकारशक्तीचे शास्त्र ज्या गावात बहरले, त्याच गावाच्या नावाच्या विषाणूपुढे ते शास्त्र तोवर तरी अपुरेच राहिले होते.